गोठ्यापर्यंत विज्ञान नेणारे मणिभाई

मैत्रिणींनो, आमचं मुरबे गाव खाडीच्या काठावर. पलीकडच्या तीरावर सातपाटी, मध्ये होड्या. बाहेरच्यांना वाटतं, इथे मासळीला काय तोटा! पण बोट रिकामी परत आली, डिझेलचाही खर्च निघाला नाही, ही कुरकुर आता घराघरात ऐकू येते. म्हणूनच मागच्या महिन्यात बचत गटाच्या मीटिंगमध्ये सहा जणींनी एकदमच विषय काढला, की आम्हाला गाई घ्यायच्यात, गटातर्फे कर्ज काढून द्या. मासळी समुद्राच्या मर्जीवर, गाय आपल्या दारात. सकाळ-संध्याकाळ दूध, आणि बोईसरला गिऱ्हाईक तयार. कागदावर हिशोब अगदी सोपा दिसत होता.

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला मात्र लगेच हो म्हणवेना.

त्याचं कारण बारा वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा मीच गटातल्या एकीला गाय घ्यायला लावली होती. तिचा नवरा आजारी, दोन मुलं शाळेत. घाटावरून गाई आणून विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने काळी-पांढरी संकरित गाय दाखवली आणि ही दिवसाला अठरा लिटर देते म्हणून छातीठोकपणे सांगितलं. मी तिला धीर दिला, जामीन म्हणून सहीसुद्धा केली. गाय आली ती ऐन एप्रिलमध्ये. वर पत्र्याचं छप्पर, समुद्राची दमट हवा, आणि खायला भाताचा पेंढा. आठवड्याभरात दूध निम्म्यावर आलं, मग सहा लिटर, मग चार. पावसाळ्यात गोचीड तापाने धरलं. गाय वाचली, पण आटली ती आटलीच. शेवटी निम्म्या किमतीला विकावी लागली आणि त्या बाईने हातातल्या पाटल्या मोडून हप्ते फेडले. तिने मला कधी बोल लावला नाही. पण रस्त्यात भेटली की अजून मला तिच्या हातांकडे बघवत नाही.

चूक कुठे झाली हे तेव्हा मला कळलंच नव्हतं. व्यापारी लबाड, नशीब खोटं, एवढंच सुचलं. पुढे सुकी मासळी विकायला जाणाऱ्या आमच्या बायकांबरोबर विक्रमगड-जव्हारकडे जाणं झालं. तिथे माळरानावर आंबा-काजूच्या छोट्या छोट्या वाड्या दिसल्या, कडेने जंगली झाडांचं कुंपण. ही कल्पना कुणाची म्हणून चौकशी केली तेव्हा बाएफ ही संस्था आणि मणिभाई देसाई हे नाव समजलं. मग कळलं, की वाडीच्या आधी कितीतरी वर्षं याच माणसाने गाईवर काम केलं होतं. त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचलं, गटाची सहल घेऊन उरुळीकांचनलाही जाऊन आले. आज त्यांचीच गोष्ट तुम्हाला सांगणार आहे.

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० चा, गुजरातमधल्या सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावचा. ते जेमतेम दहा वर्षांचे होत आले होते तेव्हा गांधीजींची दांडीयात्रा सुरत जिल्ह्यातूनच गेली. त्या वातावरणात वाढलेला हा हुशार मुलगा विज्ञानाचा पदवीधर झाला. चांगली नोकरी, संसार, सगळं पुढ्यात होतं. पण १९४२ च्या चले जाव आंदोलनात त्यांनी उडी घेतली, तुरुंगवास भोगला आणि नंतर ते गांधीजींकडे सेवाग्रामला गेले.

गांधीजींना तेव्हा निसर्गोपचाराचा ध्यास लागला होता. माती, पाणी, ऊन आणि योग्य आहार यांनी आजार बरे करायचे, आणि तेही शहरातल्या पैसेवाल्यांचे नाही तर खेड्यातल्या गरिबांचे. त्यासाठी पुण्याजवळचं, रेल्वेच्या मार्गावरचं उरुळीकांचन निवडलं गेलं. मार्च १९४६ मध्ये गांधीजी तिथे आठवडाभर राहिले. गावातल्या महादेव तात्याबा कांचन यांनी जमीन दिली, आश्रम सुरू झाला. गांधीजी पुढच्या कामाला निघून गेले आणि मणिभाई मागे राहिले. त्यांना सव्विसावं वर्षही पुरं व्हायचं होतं. भाषा परकी, गाव परकं. आयुष्यभर इथेच राहीन असा शब्द त्यांनी गांधीजींना दिला होता. दोन वर्षांत गांधीजींची हत्या झाली. शब्द घेणारा गेला, पण देणारा तिथून हलला नाही. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही. तब्बल सत्तेचाळीस वर्षं! आपल्या भागातल्या बायकांना हे समजायला जड जाणार नाही. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ अशाच पाय रोवून राहिल्या होत्या.

आता या सगळ्यात गाय कुठून आली? ती आहारातून आली. रोग्याला पथ्याचं खायला द्यायचं तर दूध हवं. गावात गाई होत्या, पण बैल मिळावा म्हणून पाळलेल्या. वासराला पाजून उरेल ते घरात. तेव्हा मणिभाईंनी गुजरातेतली गीर गाय उरुळीला आणली. कपाळ पुढे आलेली, लांब लोंबत्या कानांची, तांबूस रंगाची ही गाय दुधाला देशी गाईंत नावाजलेली. मणिभाई पशुवैद्यक नव्हते. पण विज्ञान शिकलेला माणूस, तेव्हा नुसत्या श्रद्धेने गाय पाळणं त्यांना पटणारं नव्हतं. वाचून, जाणकारांना विचारून, प्रत्यक्ष गोठ्यात उभं राहून ते शिकले आणि गीर गाईंचा उत्तम कळप त्यांनी उरुळीत तयार केला.

पण एका आश्रमाचा गोठा चांगला झाला म्हणून गावातल्या गरिबाच्या दारातली गाय काही बदलत नाही. जातिवंत गीर गाई मुळात थोड्या, त्यांची किंमत जास्त, आणि कालवड पहिल्यांदा विण्यातच चारेक वर्षं जातात. शेतकऱ्याकडे जी गाय आहे तिच्याच पोटी जास्त दुधाची कालवड जन्माला आली तर? या विचारातून मणिभाई संकराकडे वळले. युरोपातल्या होल्स्टीन फ्रीजियन आणि जर्सी या गाई दुधाच्या खाणीच. त्यांच्या वळूचं बीज आपल्या गाईला दिलं, तर होणाऱ्या कालवडीत आईचा काटकपणा आणि बापाकडचा दुधाचा गुण, दोन्ही येतात. ती लवकर वयात येते, अडीच-तीन वर्षांत विते आणि आईच्या कितीतरी पट दूध देते.

हे काम एका आश्रमाच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून १९६७ मध्ये त्यांनी भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजेच बाएफ, ही संस्था उभी केली. तो काळ आठवा. १९६५ आणि १९६६ असे लागोपाठ दुष्काळ, अमेरिकेच्या गव्हावर देश जगत होता, आणि दूध तर चहापुरतंसुद्धा मिळायची मारामार. आणंदला डॉ. वर्गीस कुरियन यांच्या हाताखाली सहकारी दूधसंघ उभे राहिले होते, १९७० पासून दुधाचा महापूर योजनेने ते काम देशभर नेलं. दूध गोळा करणं, टिकवणं, विकणं हे त्यांनी दाखवलं. मणिभाईंचा प्रश्न त्याच्या एक पायरी मागचा होता. मुळात गाईच्या सडातून दूध यायचं कसं?

गांधीजींचा अनुयायी परदेशी वळूचं बीज आणतो, हे गोसेवा करणाऱ्या अनेकांना रुचलं नाही. मणिभाईंना गाईबद्दल माया कमी नव्हती. पण त्यांचं म्हणणं साधं होतं. गाय जर मालकाला पोसत नसेल तर मालक तिला किती दिवस पोसणार? ती उपाशी मरण्यापेक्षा घराला उपयोगी होऊन मानाने जगलेली बरी.

पुढची खुबी तर आपण बायकांनी नीट समजून घेण्यासारखी आहे. गाय साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते आणि तो माज एक दिवसभरच टिकतो. त्या वेळी तिला भरवली नाही तर पुन्हा एकवीस दिवस थांबा, म्हणजे एकवीस दिवसांची वैरण फुकट. पूर्वी गाय दोरी धरून मैलोन्‌मैल दवाखान्यात न्यावी लागायची. बहुतेक वेळा ते घरच्या बाईकडे यायचं. त्या दिवसाची मजुरी बुडायची, आणि पोचेपर्यंत वेळही टळून जायची. मणिभाईंनी हे उलटं केलं. शिकवून तयार केलेला तरुण मोटारसायकलवरून गोठ्यात येऊ लागला. त्याच्याजवळच्या भांड्यात द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश इतका थंड. त्यात बारीक कांड्यांमध्ये गोठवलेलं वळूचं वीर्य वर्षानुवर्षं टिकतं. वळू एका जागी, आणि त्याच्या लेकी गावोगावी.

वळू तर काही दूध देत नाही, मग तो चांगला हे ओळखायचं कसं? त्याच्या लेकींच्या दुधावरून. वळूची परीक्षा त्याच्या लेकी देतात, असंच म्हणा ना. म्हणून नोंदी ठेवणं फार महत्त्वाचं. कोणत्या वळूची कांडी कोणत्या गाईला दिली हे लिहिलं नाही, तर पुढे बापाचंच बीज लेकीला दिलं जातं आणि वासरं अशक्त होतात. आणखी एक गोष्ट. दर पिढीला परदेशी वळूच वापरत गेलं तर पोटी येणारी गाय आपल्या उन्हाला टिकत नाही. परदेशी रक्ताचं प्रमाण निम्म्याच्या आसपास ठेवावं, असं जाणकार सांगतात.

मणिभाई नुसती कालवड जन्माला घालून थांबले नाहीत, म्हणूनच मला ते मोठे वाटतात. संकरित जनावर रोगाला नाजूक, तेव्हा लाळ्या-खुरकुतावर लस बनवण्याचं काम बाएफने हाती घेतलं. जास्त दूध देणाऱ्या गाईला जास्त चारा हवा, तेव्हा सत्तरच्या दशकात हवाई बेटांवरून लवकर वाढणाऱ्या सुबाभळीचं बी आणून गावोगाव पसरवलं. तिचा पाला प्रथिनांनी भरलेला. अर्थात त्यात एक विषारी अंशही असतो, म्हणून एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त सुबाभूळ घालायची नसते. आनुवंश, आरोग्य आणि आहार ही गाईची तीन चुलीची धोंड आहे. एक धोंडा काढला की भांडं कलंडतं.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ती पत्र्याखालची गाय उभी राहिली. आनुवंश आम्ही पैसे मोजून विकत आणला होता. उरलेले दोन धोंडे आम्ही मांडलेच नव्हते. भाताचा पेंढा पोट भरतो, पण त्यात प्रथिनं जेमतेम, आणि चुना म्हणजे कॅल्शियमही अंगी लागत नाही. पाहुण्याला बोलावून नुसतं पेजेचं पाणी वाढावं, तसं आम्ही केलं होतं. वर खापर तिच्यावर फोडलं!

चाऱ्याची गोष्ट निघाली की आपल्या जिल्ह्याचा एक जुना सल आठवतो. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशींना लागणारं गवत इथल्या डोंगरांतून जायचं. ते कापणाऱ्या आदिवासींना मजुरी इतकी तुटपुंजी, की १९४५ च्या वारली लढ्यात गोदावरी परुळेकरांबरोबर त्यांनी गवतकापणीच्या मजुरीसाठी संप केला, गोळीबार झेलला. गवत इथलं, दूध मुंबईचं, आणि इथल्या पोरांच्या वाटीत काहीच नाही. योगायोग बघा, त्याच्या पुढच्याच वर्षी मणिभाई उरुळीत आले.

उतारवयात मणिभाई आदिवासी भागाकडे वळले. ज्याच्याकडे डोंगरउताराचा तुकडा आहे, पाणी नाही, त्याला एकदम दुधाळ गाय देऊन काय उपयोग, हे त्यांनी ओळखलं. म्हणून १९८२ मध्ये गुजरातमधल्या वांसदा भागात वाडीची सुरुवात झाली. एकरभर जमिनीत आंबा-काजू, मध्ये भाजी, बांधावर चाऱ्याची आणि सरपणाची झाडं. तीच कल्पना पुढे आपल्या जव्हार-विक्रमगडला आली. त्याच वर्षी त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गांधीजींना दिलेला शब्द छत्तीस वर्षं पाळला म्हणून! पद्मश्री तर १९६८ मध्येच मिळाली होती. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये मणिभाई गेले. बाएफचं काम मात्र अनेक राज्यांत चालू आहे.

त्यांच्या वाटेवर सगळंच गोड झालं असं मी म्हणणार नाही. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नसल्यासारखंच, उन्हात तो औताला टिकत नाही. त्यामुळे तो कुणालाच नको असतो. आता कालवडच होण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास असलेल्या कांड्या मिळतात, पण त्या महाग. शिवाय दुधाच्या मागे लागून आपण आपल्या गाई विसरलो. जव्हार-मोखाड्याकडची डांगी गाय मुसळधार पावसात उभी राहते, तिच्या कातडीतून तेलकट अंश पाझरतो म्हणतात तो खराच आहे. कोकण कपिला ही आपल्या किनारपट्टीची लहान चणीची गाय. तिला तर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली ती अगदी अलीकडे, २०१८ मध्ये. दूध थोडं, पण औषधपाणीही थोडं. ज्या घरात चारा नाही त्या घराला हीच गाय परवडते.

आणि एक गोष्ट मला बाई म्हणून बोलायलाच हवी. शेण काढणं, वैरण कापणं, पाणी पाजणं, धार काढणं ही कामं आपल्या हातची. गाईचं दूध वाढतं तसं हे कामही वाढतं. दुधाचे पैसे मात्र कुणाच्या खात्यावर जमा होतात? गाय घेण्याआधी हे विचारलंच पाहिजे.

तर परवा पुन्हा मीटिंग घेतली. या वेळी त्या बारा वर्षांपूर्वीच्या बाईला मी मुद्दाम बोलावलं आणि सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. ती म्हणेल, जाऊ द्या ताई. पण तसं ती म्हणाली नाही. तिने शांतपणे आपला हिशोब मांडला. कर्ज किती, चारा किती, डॉक्टर किती, पाटल्या किती तोळ्यांच्या. बायका मान खाली घालून ऐकत होत्या.

मग आम्ही फळ्यावर लिहिलं. दहा लिटर देणाऱ्या गाईला रोज वीसेक किलो हिरवी वैरण, पाच-सहा किलो सुका चारा. आंबोण शरीरासाठी दीड किलो आणि दर लिटर दुधामागे चारशे ग्रॅम, म्हणजे साडेपाच किलो. पाणी पोटभर, कारण दुधात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असतं. क्षारमिश्रण, लस, गोचिडाचं औषध. दुधाच्या खर्चातले शंभरातले साठ-सत्तर रुपये चाऱ्यालाच जातात. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. वासराला तासाभराच्या आत चीक पाजायचा. एवढं लिहून झालं तेव्हा फळ्यावर जागा उरली नव्हती.

शेवटी ठरलं ते असं. आधी पाण्याजवळच्या दोन जणींच्या जमिनीत नेपियर गवत लावायचं. ते एक मोसम नीट निघालं तर पावसाळ्यानंतर, हवा थंड झाल्यावर, दोनच गाई घ्यायच्या. दूध स्वतः दोन वेळा काढून, मोजून मगच पैसे द्यायचे. पत्र्याखाली झावळ्यांचं छत करायचं. विमा काढायचा, आणि दुधाचे पैसे बाईच्या खात्यावर. सहापैकी चौघी थांबायला तयार झाल्या. दोघी रागावून उठून गेल्या. त्यातली एक दुसरीकडून कर्ज काढणार आहे असं ऐकते. तिच्या घरी उद्या जाणार आहे, तिला अडवायला नाही, निदान चाऱ्याचं बेणं तरी द्यायला.

मणिभाई एका गावात सत्तेचाळीस वर्षं थांबले. आम्हाला एक पावसाळा थांबायचंय. मैत्रिणींनो, तुमच्याही गटात गाईचा विषय निघेल. तेव्हा गाय किती लिटर देते हे नंतर विचारा. आधी विचारा, आपण तिला काय घालणार आहोत?